उंच केलेल्या पिकअपचे हादरे आणि न झालेल्या दुरुस्तीचे बिल

उंच केलेल्या पिकअपची पुढची चाके वेगात असताना अचानक जोराने थरथरू लागली, की गॅरेजमध्ये पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: स्टिअरिंग डँपर बदला. मलाही तोच मिळाला. त्याचे पैसे दिल्यावर एकामागून एक दुरुस्त्यांची बिले येत गेली. त्यांपैकी काही दुरुस्त्यांची गरजच नव्हती आणि काही तर प्रत्यक्षात झाल्याच नव्हत्या. ज्यांनी गाडी उंच करून घेतली आहे किंवा घेणार आहेत, त्यांच्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या पिकअपला पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. गाडी चार इंच उंच करणारे किट ज्या गॅरेजने बसवले, त्यांच्याकडेच पुढची सगळी दुरुस्ती झाली. किट बसवल्यापासून वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसे आणि सरळ रस्त्यावरही गाडी सतत सांभाळावी लागे. पुढे पुढे एखादे चाक खड्ड्यात आपटले किंवा पुलाच्या सांध्यावरून गेले, की दोन्ही पुढची चाके इतक्या जोराने डावी-उजवीकडे फडफडत की स्टिअरिंग हातात धरवत नसे आणि वेग बराच कमी केल्याशिवाय ती फडफड थांबत नसे. यालाच डेथ वॉबल म्हणतात, आणि ज्याने तो एकदा अनुभवला आहे, त्याला हे नाव अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

नवा डँपर बसवल्यावर गाडी काही काळ शांत झाली. तसे होणारच होते. डँपर म्हणजे स्टिअरिंगला जोडलेला आडवा शॉक ॲब्सॉर्बर. तो धक्का शोषतो, पण सैल झालेला सांधा घट्ट करत नाही आणि बिघडलेला कोनही सुधारत नाही. त्यामुळे लक्षण दबते आणि आत झीज चालूच राहते. हादरे परत सुरू झाले तेव्हा एकाऐवजी दोन डँपर बसवण्यात आले. त्यानंतर स्टिअरिंगचा गिअरबॉक्स खराब असल्याचे सांगून तो बदलला आणि त्याबरोबर खाली झुकलेला पिटमन आर्म (गिअरबॉक्सला जोडलेला, स्टिअरिंगचे दांडे हलवणारा हात) लावला. शेवटच्या बिलात सर्व टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) नवे, बॉल जॉइंट (ज्यांवर चाक वळते ते सांधे) नवे आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल), टो (चाकांची तोंडे किती आत-बाहेर आहेत ते) यांचे सेटिंग अशा नोंदी होत्या. हादरे तसेच राहिले, किंबहुना खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंगला आता आणखी जोराचा हिसका बसू लागला.

अखेर मी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी ती जॅकवर घेतलीच नाही. चाके जमिनीवर, इंजिन चालू, एक मदतनीस स्टिअरिंग थोडे थोडे डावीकडे-उजवीकडे फिरवतो आहे आणि मिस्त्री खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर हात ठेवून पाहत आहेत, अशी ती तपासणी होती. वजन चाकांवर असल्याने सैल सांधा लपत नाही. ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या, म्हणजे ट्रॅक बारच्या, ॲक्सलकडच्या टोकाशी हात गेला आणि खट्‌ असा आवाज आला. बोल्ट काढून दाखवला, तेव्हा ब्रॅकेटमधले गोल छिद्र लांबट झालेले होते आणि त्याची कड घासून चकचकीत झाली होती. स्टिअरिंग वळवले की चाके वळण्याआधी सगळा ॲक्सलच किंचित बाजूला सरकत होता.

या सगळ्याचे मूळ किट बसवण्याच्या पद्धतीत होते. ट्रॅक बारचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असते, आणि त्याची लांबी ठरलेली असते. चासी वर उचलली की हा बार जास्त तिरका होतो आणि ॲक्सलला चासीकडच्या टोकाच्या दिशेने ओढतो. म्हणून उंची वाढवताना कमी-जास्त करता येणारा ट्रॅक बार किंवा योग्य ब्रॅकेट लागतो. माझ्या गाडीला दोन्हीही नव्हते. ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा स्टिअरिंगचा दांडा) आणि ट्रॅक बार शक्य तितके समांतर असावे लागतात. केवळ पिटमन आर्म खाली आणून ट्रॅक बार जुन्याच जागी ठेवल्याने दोघांचे कोन वेगळे झाले, आणि स्प्रिंग दबली की स्टिअरिंग आपोआप ओढले जाऊ लागले. तो वाढलेला हिसका याचाच होता. शिवाय कंट्रोल आर्म (ॲक्सलला पुढे-मागे जागेवर धरणारे दांडे) मूळ लांबीचेच ठेवून चासी उचलली, की ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. स्टिअरिंग सरळ रेषेत परत यावे, हे मुख्यतः कॅस्टरवर अवलंबून असते. म्हणजे ज्या दोषाची दुरुस्ती मला विकली जात होती, तो त्यांच्याच अपुऱ्या कामातून जन्मला होता, आणि हे त्यांना कळत नव्हते असे मला वाटत नाही.

आता न झालेल्या कामाबद्दल. टाय रॉड एंडवर काळा रंग ताजा होता, पण तो रंग कॉटर पिनवर (नट सुटू नये म्हणून घालतात ती पिन) आणि आट्यांमध्येही उतरला होता. नवा सांधा बसवला तर पिन नंतर घातली जाते, त्यामुळे पिन आणि नट एकाच रंगाच्या थराखाली असण्याचे कारण नाही. सांध्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, बोटाने दाबताच त्याला भेगा दिसल्या आणि आतले ग्रीस घट्ट, काळे झालेले निघाले. बॉल जॉइंटची गतही तीच होती. कॅम्बरच्या सेटिंगचे पैसे तर सरळ खोटे होते: अशा सलग ॲक्सलला कॅम्बर फिरवून लावण्याची सोयच नसते, त्यासाठी वेगळे ऑफसेट भाग बसवावे लागतात, आणि ते गाडीत कुठेही नव्हते. अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या या कोनांच्या मोजणीचा, अहवाल वारंवार मागूनही त्यांनी तो दिला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी मोजले तेव्हा कॅस्टर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या बराच खाली निघाला.

म्हणून काम देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी ठरवून घ्या: काढलेले जुने भाग परत मिळतील, आणि अलाइनमेंटचा आधीचा व नंतरचा छापील अहवाल मिळेल, त्यात कॅस्टरचे आकडे असतील. दोष कोणत्या सांध्यात आहे, हे चाके जमिनीवर असताना आपल्यासमोर दाखवायला सांगा. जो न तपासता डँपरपासून सुरुवात करतो, त्याच्या हाती गाडी देऊ नका. टायरची हवा आणि बॅलन्सिंग मात्र आधी पाहून घ्यावे, कारण हादऱ्याची सुरुवात अनेकदा तिथूनही होते. नवे कंट्रोल आर्म बसवताना त्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ब्रेकच्या नळ्या ॲक्सल पूर्ण खाली लोंबल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहायला हवे. माझ्या गाडीत एक नळी ताणलेली आढळली.

ब्रॅकेट नवे बसवून, योग्य लांबीचा ट्रॅक बार आणि कॅस्टर सुधारणारे कंट्रोल आर्म लावल्यावर हादरे थांबले. रंगवलेल्या सांध्यांचे फोटो, दुसऱ्या मिस्त्रीचा लेखी अभिप्राय आणि नवा अहवाल जोडून पहिल्या गॅरेजला तक्रार दिली, तेव्हा त्यांनी न बदललेल्या भागांचे पैसे परत केले. डँपर आणि गिअरबॉक्सचे पैसे द्यायला त्यांनी नकार दिला असून, त्यासाठी ग्राहक म्हणून माझा पाठपुरावा चालू आहे.