नवजात बाळाच्या फोटोशूटच्या नावाखाली १४,१७९ रुपये गेले, पैसे पाठवण्याआधी हे वाचा

आधी आकडे सांगते. बुकिंगचे २,९९९. प्रॉप्सचं डिपॉझिट म्हणून ३,५००, ते 'शूट झालं की त्याच दिवशी परत'. सॅनिटायझेशनचे १,१८०. शूटच्या दिवशी पॅकेजचे राहिलेले ६,०००. आणि आलेल्या पोराला पेट्रोलसाठी रोख ५००. एकूण १४,१७९ रुपये. हातात एकही फोटो नाही. पैशाचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त संताप याचा की माझं काही दिवसांचं लेकरू मी अशा माणसाच्या हातात दिलं, ज्याने त्याआधी आयुष्यात तान्हं बाळ उचललेलं नव्हतं.

पेजवरची ऑफर, अर्धे पैसे आधी, मग 'ताई, एवढं एक राहिलं', मग नंबर बंद. हे प्रकार कसे चालतात ते आता कुणाला सांगायला नको. मलाही माहीत होतं. मी शाळेत शिकवते, घरातले ऑनलाइन व्यवहार मीच करते. तरी फसले, आणि त्याला कारणं आहेत. पहिलं बाळंतपण, माहेरी परभणीला, मे महिना. नवरा पुण्याला, त्याला सुट्टी बारशापुरतीच. टाके ओले, रात्र रात्र झोप नाही. अशा बाईला फोनवर कोणी 'ताई, काळजी करू नका, मी तुमच्या भावासारखा' म्हणाला की ती पैसे कुठे जातायत हे दहा वेळा तपासत बसत नाही. ज्यांना 'शिकलेली असून कशी फसली' म्हणायचंय त्यांनी आधी हे ध्यानात घ्यावं.

घाईसुद्धा खोटी नव्हती. असे फोटो पहिल्या दोन आठवड्यांत काढतात हे खरंच आहे. त्या दिवसांत बाळ गाढ झोपतं, पोटात असल्यासारखं अंग आखडून पडतं. नंतर ते दचकतं, हातपाय ताणतं. त्या पेजवाल्या माणसाने हेच पुढे केलं. 'चौदा दिवसांच्या आत झालं तरच झालं ताई, मग पैसे देऊनही असा फोटो मिळत नाही.' यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. खऱ्या गोष्टीच्या आडून घाई लावली की माणूस पटकन हलतो.

पॅकेज ८,९९९ चं. संभाजीनगरच्या स्टुडिओंनी याहून जास्त सांगितलं होतं, शिवाय बाळ तिथे घेऊन या म्हणाले होते. ओली बाळंतीण आणि तान्हं लेकरू घेऊन उन्हाळ्यात परभणीहून संभाजीनगर कोण करणार? या पेजवर लिहिलेलं: संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, घरपोच सेवा. माझी आजी एकटी विरोधात होती. 'सव्वा महिन्याच्या आत परका माणूस बाळंतिणीच्या खोलीत कशाला आणायचा? लेकराला दृष्ट लागते.' मी आजीशी भांडले. त्यामुळे नंतर घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाची आग होते.

पेजवर एक फोटो होता. बाळ कोपरांवर टेकलंय, दोन्ही तळहात हनुवटीखाली, डोळे मिटलेले. मला तोच हवा होता. पैसे पाठवण्याआधी, हो, आधीच, मी फोनवर विचारलं, 'हे बाळ असं बसतं कसं? मान धरते का?' तो म्हणाला, 'झोपलं की आपोआप बसतं ताई. आमचं सेटिंग असतं.'

तिथेच फोन ठेवायला हवा होता. प्रश्न बरोबर होता, उत्तर खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे ओळखायला लागणारी माहिती माझ्याकडे नव्हती. ती आता सगळ्यांकडे असू द्या. तो फोटो एक नसतो, दोन असतात. एकात बाळाचं डोकं वरून कुणीतरी हाताने धरलेलं असतं, दुसऱ्यात हनुवटीखालची मनगटं खालून धरलेली असतात. मग कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून धरणारे हात पुसून टाकतात. बाळाला क्षणभरही मोकळं सोडत नाहीत. फांदीला झोळीत लटकवलेल्या बाळाचा फोटोही असाच जोडलेला असतो. बाळ जमिनीवर, गादीवरच असतं. हे मला नंतर संभाजीनगरला फक्त नवजात बाळांचेच फोटो काढणाऱ्या एका ताईंनी समजावलं. फोनवर, एक पैसा न घेता. म्हणून सांगते, भाव विचारायच्या आधी हे विचारा: हनुवटीखाली हात असलेला फोटो तुम्ही कसा काढता? ज्याने काम केलंय तो लगेच 'दोन फोटो जोडतो, आई किंवा असिस्टंट धरून असते' असं सांगेल. 'बाळ आपोआप बसतं' म्हणणाऱ्याचा नंबर तिथेच ब्लॉक करा.

दुसरी खूणही डोळ्यासमोर होती. २,९९९ पाठवताना यूपीआयवर नाव आलं ते एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. मी विचारलं, तर म्हणे 'अकाउंटंटचं खातं आहे'. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर जे नाव येतं ते खातेदाराचं असतं. स्टुडिओ एका नावाचा आणि खातं भलत्याच्या नावाचं असेल तर पिन टाकू नका, मग समोरचा काहीही सांगो.

शूटच्या दिवशी एक पोरगा आला, वीस-बावीसचा, खांद्यावर लग्नाच्या शूटिंगची बॅग. हात धुतले नाहीत. आईने बादली पुढे केली तेव्हा धुतले. सॅनिटायझेशनचे १,१८० भरले होते ना, त्या पिशवीतून त्याने लोकरीची टोपी काढली. आतल्या काठाला वाळलेल्या दुधाचा पिवळा डाग, आणि लोकरीच्या फासात एक बारीक केस अडकलेला. कुणाच्या तरी दुसऱ्या बाळाचा. मी ती टोपी बाजूला फेकली. तर म्हणाला, 'मॅडम, फोटोत दिसत नाही ते.'

मग त्याने कूलर बंद करायला लावला, कारण मागचा पडदा हलत होता. लग्नात वापरतात तो हॅलोजन लावला. परभणीचा मे, दार बंद, कूलर बंद, वर हॅलोजन, आणि लेकराला पाय सरळ करून चापून कापडात गुंडाळलेलं. बाळाचं अंग लाल झालं. तरी मी 'पाच मिनिटं' म्हणून थांबले, कारण पैसे गुंतले होते. मग त्याने बाळ पालथं घातलं, कोपरं मुडपली, हनुवटीखाली हात सारले आणि कॅमेरा घ्यायला चक्क मागे वळला. लेकराची मान एका बाजूला कलली, तोंड गादीत. खालची बोटं जांभळी दिसायला लागली. आईने झडप घालून उचललं. शूट तिथेच संपलं.

संध्याकाळी बाळाला डॉक्टरांकडे नेलं. बाळ ठीक होतं, पण डॉक्टरबाई मला खूप बोलल्या. या वयात मान अजिबात धरत नाही, पालथ्या बाळाचं नाक दबलं तर ते स्वतःहून तोंड फिरवू शकेल याचा भरवसा नाही. पाय सरळ करून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका, पाय दुमडलेले आणि सैल हवेत. बाळाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, गारठा लागतो तसं तापतंही लवकर. असा माणूस घरी बोलावला तर त्याच्या अंगठ्या-कडं काढायला लावा, सर्दी-खोकला असेल तर दारातूनच परत पाठवा, बाळापासून हातभर अंतरावर सतत कुणीतरी बसलेलं हवं. काचेची बरणी, उंच टोपली, दिव्यांची माळ बाळाजवळ नको. खिडकीचा उजेड पुरतो.

तो पोरगा निघायच्या आधीच फोन आला होता, 'सहा हजार टाका, नाहीतर फोटो एडिटिंगला जाणार नाहीत.' मी गोंधळात पैसे टाकले. रात्री परत मेसेज, डिपॉझिटचे ३,५०० परत करतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. मी टाकणारच होते. धाकट्या भावाने फोन हिसकावला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. देतानाच लागतो. भावाने मग पेजवरचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहिले, तर सगळे परदेशी फोटोग्राफरांच्या वेबसाइटवरचे. दोन मिनिटांचं काम. तुम्ही हे आधी करा. आणि पेजवाल्यांनी जिच्या बाळाचं शूट आधी केलंय अशा ओळखीच्या गावच्या कुणा आईचा नंबर मागा, तिच्याशी बोला. खालच्या कौतुकाच्या कमेंट कुणीही लिहून घेतो.

रात्रीच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला, तो जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन केला तर ते अडवता येतात, म्हणून त्याच क्षणी करायचा. सकाळी शांतपणे बघू, असं नाही.

यापुढे जे झालं त्याने मी फसवणुकीपेक्षा जास्त थकले. बँकेत गेलो तर 'पिन तुम्हीच टाकलाय, आमचा संबंध नाही'. सहा हजारांतले काही अडकले का, विचारलं तर 'पोलिसांना विचारा'. ठाण्यात विचारलं तर 'बँकेला विचारा'. बाकावर बसवलं, साहेब बंदोबस्तात आहेत म्हणून. बाळ बाहेर रिक्षात आईच्या मांडीवर रडतंय, दुधाची वेळ टळून गेलेली, आणि मी अर्ज हातात धरून. शेवटी जमादार म्हणाले, 'ताई, माणूस आला ना? फोटो काढले ना? मग फसवणूक कसली? ही सर्व्हिसची तक्रार, ग्राहक मंचात जा.' वर, 'खातं बाहेरच्या जिल्ह्यातलं दिसतंय, तिकडे जाऊन द्या.' वर, 'चौदा हजारच आहेत ना.'

हे नीट समजून घ्या, कारण हीच या टोळक्याची युक्ती आहे. ते एक पोरगा पाठवतात, म्हणून पोलिसांना सांगायला मोकळे की काम तर झालं. पोरालाही बाराशे देतो म्हणून बोलावलं होतं, त्यालाही ते मिळाले नाहीत. त्याने फोटो एका लिंकवर चढवले आणि दुसऱ्या दिवशी लग्न होतं म्हणून कार्ड पुसलं. म्हणजे माझ्या लेकराचे उघड्या अंगाचे फोटो आज कुणाकडे आहेत हे मला ठाऊक नाही. हे मी ठाण्यात सांगितलं. त्यावर कुणी मान वर केली नाही. चोरीचे फोटो दाखवून, खोटं नाव सांगून पैसे काढणं ही फसवणूक नाही, तर मग फसवणूक म्हणायची तरी कशाला? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ याचसाठी आहे. आणि हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. हे मला एका वकील मैत्रिणीने सांगितलं. ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी सांगितलं नाही. ओल्या बाळंतिणीने कायदा पाठ करून ठाण्यात जायचं का?

ठाण्यात घेतलं नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवता येतो. मी पाठवलाय. जिल्हा ग्राहक आयोगातही टाकतेय. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण त्या पेजला ना पत्ता ना जीएसटी नंबर, नोटीस कुणाला जाणार हाच प्रश्न आहे. म्हणून आधीच पावती मागा, पत्त्यासकट. आणि फोटो कुठे ठेवणार, कधी पुसणार, पेजवर टाकणार का, हे लिहून घ्या. बुकिंग सोडून जास्तीचा एक रुपयाही शूटच्या आधी देऊ नका. 'डिपॉझिट' हा शब्द आला की समजा.

जालना, परभणी, हिंगोली, बीड भागात या उन्हाळ्यात कुणी घरपोच बेबी शूटसाठी रिचार्जच्या दुकानाच्या नावावर पैसे पाठवले असतील, तर लाजेने गप्प बसू नका. रक्कम लहान असली तरी १९३० वर स्वतःची वेगळी तक्रार करा. एकाच खात्यावर चार तक्रारी आल्या तर 'सर्व्हिसची तक्रार' म्हणून हात झटकणं ठाण्याला अवघड जाईल. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉटवर तारीख दिसू द्या, आणि तुमच्याकडे आलेल्या कॅमेरावाल्या पोराचा नंबर असेल तर जपून ठेवा.