बत्तीस वर्षं बँकेत काढली आणि बालीत २६ नोटा कमी घेऊन आले

हे लिहू नकोस असं घरात सगळ्यांनी सांगितलं. "झालं ते झालं, आता चारचौघांत कशाला?" असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मी साधी पर्यटक असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी ३२ वर्षं काढली, त्यातली २१ कॅश काउंटरवर. माझ्या डोक्यावर पाटी होती: 'नोटा काउंटर सोडण्यापूर्वी मोजून घ्याव्यात, नंतर तक्रार चालणार नाही.' ती पाटी दाखवून मी कितीतरी माणसं परत पाठवली आहेत. तर ऐका.

मे २०२४. आम्ही दोघं, लेक आणि जावई. विमानतळावर प्रत्येकी ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) व्हिसाचे. शिवाय त्याच वर्षी १४ फेब्रुवारीपासून परदेशी पाहुण्यांवर बसवलेली दीड लाखाची पट्टी, तीही माणशी. चौघांचे मिळून २६ लाख दारातच गेले, पण त्याची रीतसर पावती मिळाली, तक्रार नाही. आकडे ऐकून घाबरू नका, एका डॉलरला तेव्हा सोळा हजारांच्या आसपास रुपिया मिळत होते. शून्यांनी बाकीचे गोंधळतात, मी नाही, असा माझा तोरा होता.

मुक्काम लेगियानला. गर्दीचं काय सांगू! बेटाची लोकसंख्या ४४ लाखांच्या आसपास आणि २०२४ या एका वर्षात परदेशी पाहुणे आले ६३ लाखांवर. गणपतीत लक्ष्मी रोडवर रेटारेटी होते तशी तिथे रोजच, आणि वर स्कूटरवाले फुटपाथवरून जातात.

हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी अडीच-तीन तास गाडीत बसून लेंपुयांगला गेलो होतो. देवळाचा दुभंगलेला दरवाजा, मागे आगुंग पर्वत आणि खाली तळ्यात पडलेलं प्रतिबिंब, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे तळं नाहीच! फोटो काढणारा मुलगा मोबाइलच्या खाली आरशाचा तुकडा धरतो, की झालं तळं. नंबर घेऊन आम्ही दोन तास ताटकळलो आणि तो आरसा दिसला तेव्हा मी पोट धरून हसले. "बघा, लोक कसे फसतात," असं ह्यांना म्हणालेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पैसे बदलायचे होते. जावई म्हणाले, "आई, एटीएममधून काढतो ना मी." मीच नको म्हटलं, दर वेळी बँक शुल्क कापते, उगीच कशाला. हॉटेलजवळच्या काचेच्या दुकानात डॉलरला १५,९०० चा दर होता. पुढे गल्लीत सारोंग (कमरेला गुंडाळायचं कापड) आणि लाकडी मांजरं विकणाऱ्या एका टपरीबाहेर खडूने लिहिलं होतं १६,४००, कमिशन नाही. इथेच मागे फिरायला हवं होतं. चार पावलांवर पाचशेचा फरक कुणी फुकट देत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पण माझीही बाजू ऐका. माणूस पन्नाशीचा, हात जोडून "इंडिया? शाहरुख खान!" म्हणणारा. काउंटरवर नारळाच्या पानाचा इवलासा द्रोण, त्यात फुलं, एक बिस्किट आणि उदबत्ती. तिथे सगळीकडे असे नैवेद्य ठेवतात. वाटलं, देवाधर्माचा माणूस आहे, आपल्यातलाच. शिवाय गणित त्याने कॅल्क्युलेटरवर केलं तसं मी तोंडीही केलं: ३०० डॉलर गुणिले १६,४००, म्हणजे ४९ लाख २० हजार. बरोबर होतं.

त्याने पन्नास हजारांच्या निळ्या नोटा काढल्या. लाखाच्या लाल नोटा मागितल्या तर (तिथे आईला, बाईमाणसाला 'मामा' म्हणतात) "नो हॅव, मामा." (कमी नोटा दिल्या तर लपवायला कमीच मिळतात. लाखाच्या नोटा नाहीत म्हणाला की तिथून निघा.) वीस-वीसच्या चार चळती, एक अठराची, वर वीस हजारांची एक. मी मोजायला घेतलं. शेवटच्या चळतीत सोळाच. दोन कमी, म्हणजे एक लाख.

"सॉरी, सॉरी मामा!" कपाळावर हात मारून त्याने सगळ्या चळती स्वतःकडे ओढल्या, एकत्र केल्या, माझ्या डोळ्यांसमोर दोन नोटा वर ठेवल्या आणि गड्डी उभी धरून काउंटरच्या आतल्या कडेवर टकटक आपटून टोकं जुळवली. त्याच वेळी मागून एक पोरगा "मिस, सारोंग? चीप, चीप!" करत माझ्या खांद्याला लागला. मी मान वळवली असेन एखादा सेकंद. गड्डी हातात आली, वरच्या दोन नोटा दिसल्या, मी ती पर्समध्ये टाकली.

आता सांगते ते मला अजून झोपू देत नाही. मान वळवायच्या आधी मी त्याचा हात पाहिला होता. अंगठा गड्डीच्या वर आणि चार बोटं खाली, कडेच्या पलीकडे. कॅशियर नोटा जुळवतो तेव्हा गड्डी सपाट जागेवर आपटतो, काठावर नाही, कारण काठावरून नोट घसरते. नव्या पोरांना मी हेच ओरडून सांगायची. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय यावं? "काय सफाईदार हात आहे, आमच्या शाखेत असता तर लाइन अर्ध्या वेळात संपली असती." कौतुक केलं मी त्याचं!

पुन्हा का मोजलं नाही, असं जो तो विचारतो. अहो, पहिल्यांदा मोजलं होतं, चूक मी पकडली होती, त्याने ती सुधारली होती. कमी नोटा मुद्दाम ठेवतात ते याचसाठी. तुम्ही जिंकलात असं वाटलं की तुमचं मोजणं संपतं. नोटांना शेवटचा हात तुमचा लागला पाहिजे. तुम्ही मोजल्यावर त्याने नुसतं बोट लावलं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा, मागे रांग लागली तरी.

खोलीवर येऊन जेवणखाण, फिरणं, खरेदी अशी पाकिटं करायला बसले. ३६ लाख २० हजार. बाथरूममधल्या पेल्यात बोट बुडवून तीन वेळा मोजलं. तेवढेच. २६ नोटा गायब, १३ लाख रुपिया. मी ८४ रुपये ४० पैशांनी डॉलर घेतले होते, त्या हिशोबाने ६,६९० रुपये. आणि ज्या जादा दराच्या मोहाने गेले तो फायदा किती होता माहीत आहे? जेमतेम ८०० रुपयांचा. बँकेत कॅश कमी भरली तर आम्ही पगारातून भरायचो. २१ वर्षांत माझी एकदाच भरली कमी, ५०० रुपये.

सकाळी त्या टपरीवर गेलो. खडूची पाटी नाही, माणूस नाही. एक मुलगी सारोंगच्या घड्या घालत होती. "नो मनी चेंज हिअर." काउंटरवर नैवेद्याचा द्रोण मात्र ताजा होता.

मग चौकी. पहिल्या चौकीत पाऊण तास बसवलं आणि हे आमच्या हद्दीत नाही म्हणून दुसरीकडे पाठवलं. तिथे पहिला प्रश्न, पावती आहे का? दुसरा, दुकानाला परवाना होता का? अहो, ते मी बघायचं की तुम्ही? तिसरा, तुम्ही स्वतः मोजले होते ना? माझीच पाटी माझ्या तोंडावर! तो तरुण पोलीस हसत हसत म्हणाला की असं रोज होतं, सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे तर मग ती खडूची पाटी संध्याकाळी पुन्हा बाहेर कशी येते? दीड लाख माणशी घेता ना दारात, संस्कृती आणि निसर्ग जपायला? त्यातून गल्लीच्या तोंडाशी एक फलक लावा. त्याला म्हटलं, दहा मिनिटं माझ्याबरोबर चला, काउंटरखाली बघा. तर म्हणे साहेब जेवायला गेलेत. साहेब दोन तास जेवत होते.

हॉटेलच्या मुलीने नंतर सांगितलं की बँक इंडोनेशियाचा, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा, परवाना असलेल्या दुकानावर 'पीव्हीए बेरिझिन' असा फलक असतो, आत काचेचं काउंटर असतं आणि छापील पावती मिळते. हे पहिल्या दिवशी चावी देताना सांगायला काय झालं होतं? पुण्याच्या टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला, "काकू, करन्सी आपल्या पॅकेजमध्ये येत नाही." निघताना प्रत्येकाला टोपी दिली होती त्याने, कंपनीचं नाव छापलेली.

आणि ज्यांना 'आम्हाला नाही असं होणार' वाटतंय, त्यांनी टपरीत एकटं जाऊ नये. एकाने मोजावं, दुसऱ्याने फक्त टपरीवाल्याच्या हातांकडे बघावं. आमचे हे बाहेर लाकडी मांजराचा भाव करत उभे होते. तेही घेतलंच, दीड लाखाला.

चौकीतून शेवटी एक शिक्क्याचा कागद मिळाला, तोही मी खुर्चीतून हलले नाही म्हणून. तोच विम्याच्या दाव्याला जोडला. लेकीने मोबाइल धरून भाषांतर केलं तर वर ठळक अक्षरात लिहिलेलं निघालं: 'हरवल्याचा दाखला'. हरवले? माझ्यासमोर २६ नोटा काढून घेतल्या त्याने. विमा कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, रोख रक्कम हरवणे पॉलिसीत बसत नाही.