डुप्लिकेट बॅटरी, आठ महिने आणि ती लुकलुकणारी केशरी लाईट

दिवाळीत कॅमेऱ्याला दुसरी बॅटरी घेतली. ओरिजनल चार हजारांच्या घरात, डुप्लिकेट नऊशेला. कुठली घेतली हे सांगायला नको. चार्जर मात्र कॅमेऱ्यासोबत आलेला, कंपनीचाच.

माझा खरा राग त्या चार्जरच्या लाईटवर आहे. स्थिर केशरी म्हणजे चार्ज होतेय, हिरवी म्हणजे झाली. भराभर लुकलुकली तर काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय? ते तुम्ही ओळखा.

जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो. मुक्काम निफाडला मावशीकडे. पहाटे पडवीतल्या प्लगला चार्जर लावला, तर लुकलुक. ओरिजनल बॅटरी लावली, तरी लुकलुक. "गारठली असंल रे," मावशी म्हणाली. मी हसलो आणि उरलेल्या एका काडीवर चक्रवाकांचे जेमतेम तीस फोटो काढून परतलो. ऊन वर आल्यावर दोन्ही गुमान चार्ज झाल्या! मग मॅन्युअल उघडलं. चार्जिंग ५ ते ४० अंशांतच. अधिक-उणे सोडून बॅटरीला जी जादा पिन असते, तिच्यातून चार्जरला तापमान कळतं. निफाडचा पारा त्या पहाटे चारावर होता. मावशीला फोन करून कबूल केलं.

तोवर मी डुप्लिकेटला पाचपैकी साडेचार तारे देऊन बसलो होतो.

मे अखेरीस पुन्हा लुकलुक. या वेळी शहाणा होऊन बॅटऱ्या माठाशेजारी ठेवल्या. उपयोग शून्य. एमजी रोडवरच्या एका दुकानात गेलो, तर त्यानं हातात न घेताच "दोन्ही गेल्या, नव्या घ्या" सांगितलं. साडेसात-आठ हजार! घरी येऊन पोराच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं, पिना हलक्या हातानं घासल्या, कोरड्या कापडानं पुसल्या. ओरिजनल लगेच चार्जिंगला लागली. खर्च शून्य रुपये.

डुप्लिकेट मात्र हटून बसली. मल्टिमीटर लावला. आत दोन सेल, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट हवेत, दिसले ४.१. दोष अर्धा माझा. मार्चपासून ती रिकामीच कॅमेऱ्यात पडून होती. सेल इतके उतरले की चार्जर त्यांना हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या एका दुकानदारानं "डायरेक्ट वायर लावून उठवतो" म्हटलं. नको म्हणालो. इतकी उतरलेली लिथियम बॅटरी जबरदस्तीनं भरली तर आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. तशी ती एका बाजूनं फुगायलाही लागलीय, खाचेतून ओढून काढावी लागते.

तेव्हा साडेचाराचे दोन तारे. लाईटला एकही नाही. गारठा, मळ, मेलेला सेल, तिन्हींना तीच लुकलुक.

फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, गाडीत दबली तर आग लागेल. माझी टोकांना चिकटपट्टी लावून गॅलरीत पत्र्याच्या डब्यात ठेवलीय, शनिवारी ई-कचऱ्यात देईन. आणि हो, ओरिजनलची ऑर्डर टाकली. चार हजार गेलेच.