रात्री सव्वादोनची नोंद: न्यूयॉर्कच्या ३११ तक्रारींचा खुला डेटा

मी क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला राहते, सार्वजनिक आरोग्य शिकते, आणि गेलं दीड वर्ष माझं निम्मं काम एकाच यादीवर चाललंय: न्यूयॉर्क शहराच्या ओपन डेटा पोर्टलवरची, म्हणजे खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरची, ३११ ची तक्रारयादी. ३११ हा शहराचा तक्रारींचा फोन नंबर. शेजारी रात्रभर गाणी लावतोय, रस्त्याला खड्डा पडलाय, हीटर बंद आहे, कशासाठीही लोक ३११ फिरवतात. ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये शहराने खुल्या डेटाचा कायदा केला. आज २०१० पासूनच्या तक्रारी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. अर्ज नाही, शिफारस नाही, 'कशाला हवाय' हा प्रश्न नाही. रोज भर पडते.

एक ओळ जवळून बघा. वेळ: रात्रीचे दोन वाजून चौदा मिनिटं. प्रकार: 'नॉइज - रेसिडेन्शियल'. तपशील: 'बँगिंग/पाउंडिंग'. खातं: पोलीस. पुढे ज्या इमारतीबद्दल तक्रार आहे तिचा पत्ता, झिपकोड, अक्षांश-रेखांश, तक्रार फोनवरून आली की ॲपवरून, ती कधी बंद झाली आणि बंद करताना काय शेरा मारला. तक्रारदाराचं नाव कुठेच नाही. ही ओळ माझी आहे. वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग जोडत होतं आणि सकाळी माझी परीक्षा होती. नंतर यादीत ती सापडली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. त्या आधीच्या आणि नंतरच्या ओळीही रात्री दोनच्याच होत्या. तेवढी माणसं त्या वेळी जागी होती.

झोपेवर काम करणाऱ्याला यासारखं साधन नाही, असं मी मनापासून सांगते. वेळ मिनिटापर्यंत मिळते. उन्हाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री आलेखात डोंगरासारख्या वर येतात, जानेवारीत तोच आलेख बसतो. तपशिलाचा रकानाही कामाचा आहे. मोठ्याने लावलेलं संगीत वेगळं, भुंकणारं कुत्रं वेगळं, ठरलेल्या वेळेबाहेर चाललेलं बांधकाम वेगळं. आइस्क्रीमच्या गाडीच्या धूनलासुद्धा स्वतःचा संकेतांक आहे. मात्र शेजारी, रस्ता, दुकानं यांच्या तक्रारी पोलिसांकडे जातात, तर बांधकाम, कुत्री आणि एसीची यंत्रं पर्यावरण संरक्षण खात्याकडे, आणि नुसतं 'नॉइज' हे नाव या दुसऱ्या गटालाच आहे. त्यामुळे प्रकारात नुसतं 'नॉइज' निवडलंत तर घरगुती आवाजाच्या साऱ्या तक्रारी गळतात. 'नॉइज'ने सुरू होणारे सगळे प्रकार घ्या.

पहिल्या आठवड्यात मीही घोटाळा केला. एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने थेट डेटा मागवायच्या सोयीतून, वर्षवार तक्रारी मागवल्या, तर प्रत्येक वर्षी बरोबर १,००० आल्या. मर्यादा सांगितली नाही तर तो १,००० ओळींवर थांबतो, हे कळायला मला दोन दिवस लागले. पोर्टलवरच गाळणी लावून हवे तेवढेच रकाने उतरवणं सोपं. अख्खी फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका. एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि ही यादी कोटींत आहे.

आता खरी गोष्ट. या यादीत आवाज नाही. तक्रार आहे. डेसिबलचा एकही आकडा नाही. आणि तक्रारदाराची ओळख नसल्यामुळे पन्नास ओळी म्हणजे पन्नास त्रासलेली घरं, की एकच माणूस पन्नासदा, हे ओळखता येत नाही. ब्राँक्समधला एक झिपकोड माझ्या नकाशावर लालभडक आला, आणि खणून पाहिलं तर ढीगभर तक्रारी एकाच पत्त्याच्या. तेव्हापासून दर हजार लोकांमागे किती तक्रारी हे प्रमाण काढण्याआधी मी एका पत्त्याच्या एका रात्रीच्या तक्रारी एकच धरते.

त्याहून मोठी अडचण मला आईने दाखवली. ती सांगलीहून तीन महिने आली होती. आमची खिडकी रूझवेल्ट अव्हेन्यूकडे, आणि तिथे रस्त्याच्या डोक्यावरून लोखंडी पुलावरून ७ नंबरची रेल्वे जाते, चोवीस तास. शिवाय लाग्वार्डिया विमानतळ शेजारीच. आईला रक्तदाबाची गोळी आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठून बसली होती. म्हणाली, "ही गाडी रात्रीची पण थांबत नाही का गं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग तक्रार करून तरी काय उपयोग?" आणि तिने गोळीचा डबा पुढे ओढला.

ती परत गेल्यावर मी त्या तीन महिन्यांची आमच्या कोपऱ्याची नोंद काढली. वरच्या मजल्यावरचं संगीत होतं, फुटपाथवरची भांडणं होती. रेल्वे नव्हती, विमान नव्हतं. विमानाच्या तक्रारी विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीकडे पाठवल्या जातात, रेल्वेच्या वाहतूक प्राधिकरणाकडे. या यादीत वेगळा प्रकार आहे तो हेलिकॉप्टरचा. आणि हृदयविकाराशी सगळ्यात पक्का संबंध दिसलाय तो तर वाहतुकीच्या आवाजाचा! जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरच्या रहदारीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या आत ठेवा असं म्हटलंय. म्हणजे हृदयाला जो त्रास देतो त्याची तक्रार इथे नाही, आणि ज्याची तक्रार आहे तो बहुतेक शेजाऱ्याचा स्पीकर.

म्हणून ३११ च्या आकड्यांवरून कुणी 'हा भाग शांत' असं लिहिलं की मला राग येतो. ज्याला तक्रार ऐकली जाईल असा भरवसा आहे तोच फोन करतो. घरमालकाला घाबरणारा, कागदपत्रं अपुरी असणारा, दोन पाळ्या करून दमलेला माणूस फोन करत नाही. त्याच्या घरातला आवाज कमी नसतो.

माझी पद्धत आता अशी आहे. तक्रारींना मी 'त्रास' म्हणते, 'आवाज' म्हणत नाही. आवाजासाठी अमेरिकेच्या केंद्रीय परिवहन खात्याचा रस्ते, रेल्वे आणि विमानांचा ध्वनी-नकाशा घेते, तोही खुला आहे. दोन्ही एकावर एक ठेवले की जिथे आवाज जास्त आणि तक्रारी कमी, तिथे आधी जाऊन दार ठोठावायचं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या (एनवाययू) सोनिक या आवाज मोजणाऱ्या प्रकल्पाने २०१६ पासून शहरात ध्वनिसंवेदक बसवले होते, तेही याच जोडणीसाठी उपयोगी.

भारतात याच्या उलट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात शहरांत ७० ठिकाणी ध्वनिमापन केंद्रं उभारली, म्हणजे डेसिबल आहेत. सांगली-पुण्यात गणपतीत स्पीकरच्या भिंतींनी हैराण झालेले लोक पोलिसांना फोन करतात, त्या फोनांची वेळ आणि ठिकाण, नाव गाळून, अशाच खुल्या यादीत रोज यायला हवं.

३११ च्या यादीला माझे पाचपैकी चार तारे. एक तारा मी आईच्या खिडकीसाठी राखून ठेवलाय.