मराठी वचनांसह मातीचा गोठा: मूर्ती सुबक, भाकिते अर्धवट

म्हापशाच्या बाजारात धार्मिक वस्तूंच्या एका दुकानातून यंदाच्या नाताळासाठी भाजलेल्या मातीचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा मूर्तींचा देखावा, 1,850 रुपयांना घेतला. गोव्यातील चर्चमध्ये उपासना मुख्यतः कोंकणीत होते आणि तिचे छापील साहित्य बहुतांशी रोमी लिपीत असते. त्यामुळे प्रत्येक मूर्तीसोबत एका कार्डावर जुन्या करारातील (बायबलच्या येशूपूर्व भागातील) एक भाकीत व त्याखाली चार ओळींचे मनन, तेही देवनागरी मराठीत, असा संच समोर आल्यावर तो न घेता परतणे मराठी ख्रिस्ती माणसाला अवघडच.

मूर्तींचे काम चांगले आहे. बाळ गव्हाणीला चिकटवलेले नाही, म्हणून आगमनकाळभर (नाताळापूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांत) गव्हाणी रिकामी ठेवून 24 डिसेंबरच्या रात्री ते तिच्यात निजवता येते. योसेफाच्या हातातील कंदील बारीक तारेला टांगलेला असून तो खरोखर हलतो. मरीयेचा चेहरा मात्र साच्यातला, कुठल्याही दुकानात दिसावा असा.

खरा प्रश्न कार्डांचा आहे. त्यांतील सर्वांत चांगले कार्ड अनपेक्षितपणे बैल-गाढवाचे निघाले. या जनावरांचा उल्लेख मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानकारांच्या जन्मकथेत नाही. बैल आपल्या धन्याला आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखते, पण इस्राएल मात्र ओळखत नाही, ही यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायातील परमेश्वराची तक्रार त्यांना गोठ्यात घेऊन आली. कार्डावर हे नेमके सांगितले आहे, आणि ते वाचल्यावर ती जनावरे शोभेपुरती राहत नाहीत.

मरीयेच्या कार्डावर हीच काळजी घेतलेली नाही. तेथे यशया 7:14 मधील इम्मानुएल (‘आम्हांबरोबर देव’) नावाच्या बालकाचे वचन आहे, पण ते ज्याला उद्देशून सांगितले गेले तो आहाज राजा गायब आहे. अराम आणि इस्राएल येथील राजे यरुशलेमेवर चालून आले असताना घाबरलेल्या यहूदाच्या राजाला हे चिन्ह देण्यात आले, आणि त्या बालकाला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच त्या दोन राजांचा देश ओसाड पडेल, असे पुढे 16व्या वचनात स्पष्ट आहे. मत्तयाने हे वचन येशूला लावले ते ही हकिकत पुसून नव्हे. देव पूर्वी संकटात लोकांबरोबर होता, तोच आता देह धारण करून आला, असे तो सांगत आहे. आहाज वगळला की भाकीत म्हणजे नुसते उत्तर जुळवण्याचे कोडे उरते.

याहून मोठी उणीव म्हणजे संचात बेथलेहेमातील बालकांना मारवणाऱ्या हेरोद राजाच्या कृत्याची खूणही नाही. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमाविषयीच्या मीखा संदेष्ट्याच्या भाकिताइतकेच ठळकपणे, रामा येथे मुलांसाठी आक्रोश करणाऱ्या इस्राएलाच्या आदिमाता राहेलीविषयीचे यिर्मया संदेष्ट्याचे वचनही येते. कार्डे तयार करणाऱ्यांनी त्यातले मीखा घेतले आणि यिर्मया सोडला. दिवाणखान्यात मांडण्याच्या वस्तूत बालहत्या नको, हे व्यापाराच्या दृष्टीने समजू शकते; पण ज्याच्या जन्माची वार्ता ऐकून राजा तलवार काढतो, त्याच्या जन्माचा अर्थ केवळ गोड वचनांत मावत नाही. माझ्या मते एक कार्ड वाढवूनही हे साधले असते.

बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी मागी लोकांच्या कार्डावर ‘तीन राजे’ असे छापले आहे. मत्तय त्यांची संख्या सांगत नाही आणि त्यांना राजेही म्हणत नाही. राजांची कल्पना 72वे स्तोत्र आणि यशयाचा 60वा अध्याय यांतून आली, आणि उंटही त्याच अध्यायातले. तथापि रेईश मागूश व चांदर येथे 6 जानेवारीला तीन मुलगे राजांच्या वेषात मिरवतात, तेव्हा गोव्यात तरी या मुद्द्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

एवढे सारे लिहूनही संच घ्यावा असेच मी म्हणेन. कार्ड वाचल्यावर तो संपूर्ण अध्याय बायबलमधून घरात मोठ्याने वाचावा, म्हणजे बरीचशी उणीव भरून निघते. खोका अगदी तकलादू असून आत भुश्याऐवजी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी उंटाचे पाय तेवढे तपासून घ्यावेत.