आयर्नब्रिजला पोरांना घेऊन जाताय? नुसता पूल बघून परत फिरू नका

भारतातून आई-बाबा आले की इथे इंग्लंडातल्या प्रत्येक मराठी घरात तोच प्रश्न, वीकेंडला न्यायचं कुठे. लंडन झालेलं असतं, स्ट्रॅटफर्ड झालेलं असतं, आणि पोरं म्हणतात परत चर्च नको. आम्ही बर्मिंगहॅमच्या बाजूला राहतो त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे, आयर्नब्रिज. एम ५४ धरला की साधारण तासाभरात पोचता, टेलफर्डच्या अगदी शेजारी. पण बरेच जण काय करतात, गाडी लावतात, पुलावर फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि तासाभरात परत, वर म्हणतात ठीक आहे, लहानसाच पूल आहे. अहो तो पूल म्हणजे दार आहे फक्त, खरा माल आत आहे, आजूबाजूच्या म्युझियममध्ये.

तरी पुलापासूनच सुरू करते. जगातला पहिला मोठा ओतीव लोखंडाचा पूल, १७७९ मध्ये उभा राहिला आणि १ जानेवारी १७८१ ला रहदारीला खुला झाला. सेव्हर्न नदीवर एकच कमान, जवळजवळ ३० मीटरची. वरून चालून काही कळत नाही, खाली नदीकाठच्या वाटेने उतरा आणि पोरांना मान वर करून सांधे बघायला सांगा. एकही रिव्हेट नाही! सुतार लाकडाला कूस काढून ती खाचेत बसवतो आणि पाचर ठोकतो ना, तस्संच सगळं लोखंडात केलंय, कारण लोखंडाचा एवढा पूल आधी कुणी बांधलाच नव्हता, मग हाताशी जी पद्धत होती तीच वापरली, सुतारकामाची. माझ्या मुलाने तिथे उभं राहून पाचरी मोजायला सुरुवात केली आणि हलायलाच तयार नव्हता. रंग पण बघा, गडद तांबूस तपकिरी आहे, आधी अनेक वर्षं पूल राखाडी होता, २०१८ च्या दुरुस्तीत जुन्या रंगाचे अवशेष सापडले म्हणून मूळ रंग परत दिला. पुलाच्या टोकाला टोलघर आहे, तिथला दरांचा जुना फलक नक्की वाचा, त्यात स्पष्ट लिहिलंय की पूल खाजगी मालकीचा आहे, सैनिक असो, टपालाची गाडी असो नाहीतर राजघराणं असो, टोल सगळ्यांना पडणार. आमचे बाबा हे वाचून जाम खूश. पूल बघायला पैसे पडत नाहीत, पार्किंगला मात्र पडतात.

आता खरं म्हणजे माझी सगळ्यात लाडकी जागा, जिथे गर्दी सगळ्यात कमी असते, ती म्हणजे कोलब्रुकडेलची जुनी भट्टी. पुलापासून गाडीने पाच मिनिटं. बाहेरून बघाल तर काचेच्या मोठ्या तिकोनी छपराखाली विटांचा एक पडका ढिगारा, पोरं म्हणतील हे काय दाखवायला आणलंस. पण इथेच १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळलं. त्याआधी लोखंड म्हणजे जंगलतोड, जेवढं लाकूड तेवढंच लोखंड. दगडी कोळसा तसाच घातला तर त्यातल्या गंधकाने लोखंड खराब व्हायचं, म्हणून तो आधी भाजून कोक करायचा आणि मग भट्टीत. या दरीत कोळसा, लोहखनिज, चुनखडी, माती सगळं एकाच ठिकाणी आणि माल न्यायला नदी दारात, म्हणून हे सगळं इथे घडलं. आणि डार्बी त्या लोखंडाचं करत काय होता तर भांडी! वाळूच्या साच्यात पातळ आणि स्वस्त भांडी ओतायची ही त्याची खरी युक्ती, १७०७ चं पेटंट आहे त्याचं. माझ्या सासूबाई तिथली काळी भांडी बघून लगेच म्हणाल्या, आपला बिडाचा तवा असाच जड असायचा गं. आणि सासरे सांगलीकडचे, किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत त्यांचे काका होते, ते साचा, कोअर, ओतकाम सगळं नातवाला समजावत बसले, त्या मुलाने आजोबांना एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. नंतरचा तो पूल बांधला ते याच अब्राहम डार्बीच्या नातवाने, नाव तेच, आणि खर्च हाताबाहेर गेला तो कर्जात बुडाला ते बुडालाच. ही गोष्ट भट्टीपाशी उभं राहून सांगितली की पुलाकडे बघायची नजरच बदलते, म्हणून माझा आग्रह आहे की वेळ असेल तर आधी भट्टी, मग पूल.

पोरांसाठी म्हणाल तर ब्लिस्ट्स हिल, आणि त्याला अख्खा दिवस द्या. हे १९०० च्या आसपासचं अख्खं गाव उभं केलंय, काही इमारती मूळच्या तिथल्याच, काही दुसरीकडून दगड-विटा सोडवून आणून परत बांधलेल्या. आत शिरल्यावर आधी बँकेत जा आणि आजच्या पैशांच्या बदल्यात जुनी नाणी घ्या, ती दुकानात चालतात. १२ पेनीचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, माझ्या मुलीचं डोकं गरगरायला लागलं तेव्हा आजोबा म्हणाले अगं आमच्या लहानपणी १६ आण्यांचा रुपया होता आणि आण्याचे ४ पैसे, मग दोघांनी बेकरीच्या रांगेत उभं राहून हिशोब केला. मेणबत्तीवाला, छापखाना, औषधाचं दुकान, शाळा, सगळीकडे त्या काळच्या कपड्यात माणसं असतात आणि ती नाटकी बोलत नाहीत, काम करता करता सांगतात, विचाराल तेवढं सांगतात. मेणबत्तीवाल्याकडे जरा थांबा, वातींची आख्खी रांग एकदम वितळलेल्या मेणात बुडवून वर काढायची, थंड होऊ द्यायची, परत बुडवायची, प्रत्येक वेळी बारीकसा थर चढतो.

गावाच्या कडेला मजुराची एक झोपडी आहे, स्क्वॉटर कॉटेज, दुकानांच्या झगमगाटात लोक ती सोडून पुढे जातात. तसं करू नका. इनमिन दोन खोल्या, कमी उंचीचं छप्पर, त्यात अख्खं कुटुंब राहायचं. दुकानं बघून मुलांना वाटतं तेव्हा सगळं किती गोड होतं, ते तसं नव्हतं हे इथे आत उभं राहिलं की कळतं. तिथून पुढे खऱ्या भट्ट्यांचे अवशेष आहेत, त्या १९१२ पर्यंत चालू होत्या, आणि टोकाला ‘हे’ (Hay) नावाचं इन्क्लाइन्ड प्लेन, म्हणजे वरच्या कालव्यातल्या होड्या रुळांवरून साधारण ६३ मीटर खाली उतरवायची सोय. चार माणसं साडेतीन मिनिटांत काम करायची, नाहीतर त्या उतारावर कालव्याला २७ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून होडी नेणारे दरवाजे, बांधावी लागली असती. वरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो.

आता खाण्याचं, हे नीट वाचा. तिथलं फिश अँड चिप्स प्रसिद्ध आहे, लांब रांग असते, पण जुन्या पद्धतीप्रमाणे तळण बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे बीफच्या चरबीत असतं, म्हणजे चिप्ससुद्धा. शाकाहारी असाल किंवा बीफ खात नसाल तर वास छान येतोय म्हणून रांगेत उभे राहू नका, आधी विचारा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन जातो, बसायला हिरवळ आणि बाकं भरपूर आहेत, बेकरीतला ब्रेड वर घ्यायचा, झालं.

चढउतार मात्र खूप आहेत, हे गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच धरून चला. ब्लिस्ट्स हिलमध्ये कालव्याच्या पातळीपर्यंत रस्ता चांगलाच उतरतो, एक तिरकी लिफ्ट आहे, ती चालू आहे का ते दारावरच विचारून घ्या. बाळाची गाडी ढकलायला मोठ्या चाकांची हवी. ट्रेनने येणार असाल तर टेलफर्ड सेंट्रलपर्यंत सोपं आहे, पुढे बसच्या वेळा बघूनच निघा, खरं तर गाडीच बरी. एका दिवसात सगळी म्युझियम करायचा हट्ट धरू नका, दोन पुरेत. तिकिटांचे प्रकार आणि उघडायचे वार सीझनप्रमाणे बदलतात, हिवाळ्यात तर हमखास, तेव्हा निघायच्या आधी साइटवर बघा.

आणि पाऊस लागला तर जॅकफिल्डचं टाइल म्युझियम, बहुतेक सगळं छपराखाली आहे. जुन्या कारखान्यातच आहे आणि टाइल्स तिथे अजूनही बनतात. पब, चर्च, लंडनच्या ट्यूब स्टेशनची भिंत असे नमुने खोल्या खोल्यांत लावलेत. मुलांसाठी टाइल रंगवायची वर्कशॉप असतात सुट्टीत, पण टाइल भाजायला लागते त्यामुळे ती त्याच दिवशी हातात मिळेलच असं नाही, पोस्टाने येते की परत जाऊन घ्यायची ते पैसे भरण्याआधी विचारा.