एकट्याच्या जेवणासाठी ३ लिटरचा, आतल्या झाकणाचा स्टीलचा कुकर: काय जमतं, कुठे अडतं

पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. कॉट बेसिसवर किंवा वन आरकेत एकटे राहणारे पुरुष स्वयंपाकाला हात घालतात ते बहुधा याच संध्याकाळी. त्यासाठी पहिला कुकर येतो, आणि तो अनेकदा चुकीच्या मापाचा असतो. कुणी ‘एकट्याला किती लागतं’ म्हणून दीड-दोन लिटरचा घेतो, तर कुणाला घरून आई जुना पाच लिटरचा देते. दोन्ही कुकर महिन्याभरात कपाटावर जातात आणि रात्रीचं जेवण पुन्हा मॅगी, अंडा भुर्जी-पाव किंवा ॲपवरच्या बिर्याणीवर येतं. एका माणसाला रोज रात्री वरण-भात-भाजी मिळायला हवी असेल, तर ३ लिटरचा, आतल्या झाकणाचा, सँडविच तळाचा स्टीलचा कुकर घ्यावा. हॉकिन्सचे कुकर आतल्या झाकणाचे म्हणून ओळखले जातात. प्रेस्टिजची जुनी ओळख बाहेरच्या झाकणाची. पुढचं सगळं या प्रकाराबद्दल आहे, कुठल्या एका मॉडेलबद्दल नाही.

आधी मापाचं बघू. डाळ-तांदूळ शिजवताना कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो, कारण डाळीला फेस येतो आणि तो फेस शिटीच्या नळीत चढतो. १५० मिलीची नेहमीची आमटीची वाटी धरा. एका माणसाच्या खिचडीला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ आणि तीन वाट्या पाणी, म्हणजे साधारण ५६० मिली होतं. एवढं दोन लिटरच्या कुकरमध्ये मावतं. पण सकाळच्या डब्यासाठी दुप्पट लावलं की ११०० मिलीच्या वर जातं, आणि दोन लिटरच्या कुकरचं निम्मं १००० मिलीच आहे. मग शिटीबरोबर पिवळं पाणी उडतं, ओटा, टाइल्स, भिंत सगळं पुसत बसावं लागतं. ३ लिटरमध्ये हीच खिचडी आरामात होते. लहान कुकरची आणखी एक अडचण तळाची: इंडक्शन शेगडीला साधारण १२ सेंटीमीटरपेक्षा लहान तळ ओळखता येत नाही, ती नुसती टीं-टीं करते. पाच लिटरच्या कुकरला दुसरा त्रास आहे. पाऊण वाटी तांदळासाठी एवढं मोठं भांडं तापवायचं, वाफ भरायची, आणि रात्री साडेदहाला ते एवढ्याशा बेसिनमध्ये घासायचं. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो.

आता झाकण. आतल्या झाकणाचा कुकर वाफ असताना उघडतच नाही, कारण वाफच झाकणाला आतून वर दाबून धरते. जो माणूस पहिल्यांदाच कुकर लावतोय त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. झाकण अंडाकृती असतं. ते तिरकं करून आत सोडायचं, फिरवून सरळ करायचं आणि मग दांडा अडकवायचा. दुकानात उभ्या उभ्या पाच-सहा वेळा करून बघा, हात बसतो. याची किंमत अशी की कुकरचं तोंड अरुंद राहतं, आणि डाळ-तांदूळ लावायला कुकरच्या आत ठेवायचे जे डबे बाजारात ‘तीन लिटरचे डबे’ म्हणून मिळतात, ते कित्येकदा आत जातच नाहीत, किंवा दोन डबे एकावर एक ठेवले की झाकणाला टेकतात. म्हणून डबे वेगळे घ्यायचे असतील तर कुकर सोबत न्या. पुण्यात तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत दुकानदार काउंटरवरच डबे घालून, झाकण लावून दाखवतो. झाकण आणि वरचा डबा यांच्यात बोटभर जागा राहिली पाहिजे. ऑनलाइन डबे मागवू नयेत, मापं जुळत नाहीत.

धातूबद्दल दुकानात बराच गोंधळ घातला जातो, खरं तर गोष्ट सोपी आहे. खोलीवर गॅस असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर स्वस्त आणि चांगला, उष्णता एकसारखी पसरवतो. पण बहुतेक घरमालक सिलिंडर ठेवू देत नाहीत, म्हणजे इंडक्शन आलीच, आणि साधं ॲल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही. तिथे स्टील घ्या, पण तळात मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेलं, ज्याला सँडविच बॉटम म्हणतात. नुसत्या पातळ स्टीलला खालचं लागतं. फ्रिजवरचं एखादं चुंबक खिशात घालून न्या. तळाला घट्ट चिकटलं पाहिजे. तळावर स्टीलची पट्टी उभी धरून बघा, मध्ये फुगवटा असेल तर तो नग परत करा. आयएसआय शिक्का आणि शेजारी ‘आयएस २३४७’ हा आकडा असल्याशिवाय कुकर घेऊच नये. घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे.

शेगडीच्या सॉकेटकडे फारसं कुणी बघत नाही. २००० वॅटची शेगडी पूर्ण जोरात चालवली की २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपियर ओढते. भाड्याच्या खोलीतलं बारीक पिनांचं सॉकेट असतं ६ अँपियरचं. कन्व्हर्टर लावून जाड पिनेचा प्लग त्यात खुपसला की पंधरा मिनिटांत प्लग गरम, आणि काही दिवसांत प्लास्टिक वितळल्याचा वास. १५-१६ अँपियरचं सॉकेट घरमालकाला सांगून बसवून घ्या. ते होईपर्यंत १२०० वॅटच्या वर जाऊ नका. ३ लिटरच्या कुकरला १२०० पुरेसे आहेत.

आता रोजचा स्वयंपाक. एका माणसाला: पाऊण वाटी तांदूळ, पाव ते एक तृतीयांश वाटी तूरडाळ. ऑफिसातून आल्यावर आधी डाळ धुऊन भिजत टाका, मग आंघोळ. अर्धा तास भिजली तरी शिजायचा वेळ बराच कमी होतो. कुकरच्या तळाला जाळी आणि दोन वाट्या पाणी. खालच्या डब्यात डाळ, तिच्या तिप्पट पाणी, चिमूट हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब; तेलाने फेस दबतो. वरच्या डब्यात तांदूळ. जुन्या कोलमला दुप्पट पाणी, नव्या इंद्रायणीला दीडपट. इंद्रायणी मावळातला, आंबेमोहोराच्या वंशातला तांदूळ. वास सुरेख, पण पाणी जरा जास्त झालं की गोळा होतो. मऊ वरण-भातासाठी तोच उत्तम, मसालेभाताला कोलम घ्या. वरच्या डब्यावर ताटली झाका, नाहीतर झाकणाचं पाणी ठिबकून भात गिच्च होतो.

१२०० वॅटवर पहिली शिटी ४ ते ६ मिनिटांत येते. इथेच इंडक्शनवाले फसतात. घरून फोनवर सांगितलेलं असतं, ‘तीन शिट्या कर’. ते गणित गॅसचं आहे. इंडक्शन तळाचं पाणी इतक्या झपाट्याने उकळते की डब्यातली डाळ नीट तापायच्या आतच तीन शिट्या होऊन जातात. मग कुकर उघडला की वर भात झालेला आणि खाली डाळीचा दाणा तसाच. शिट्या मोजू नका, मिनिटं मोजा. पहिल्या शिटीनंतर शेगडी ५०० वॅटवर आणा. भिजवलेल्या तुरीला १२ मिनिटं, न भिजवलेल्याला १८. मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्या, दहा मिनिटं लागतात. शिटी उचलून वाफ काढली तर त्या दहा मिनिटांत होणारं शिजणं बुडतं, शिवाय डाळ डब्याबाहेर उकळते.

तळाचं पाणी दोन वाट्यांपेक्षा कमी घालू नका. ५०० वॅटवर वाफ बाहेर जात राहिली तर पंधरा-वीस मिनिटांत एक-दीड वाटी पाणी सहज उडतं. पाणी संपलं की तापमान वाढतं आणि झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळतो. तो त्यासाठीच बसवलेला आहे. वितळला तर त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह आणून बसवा. एमसील लावून भोक बुजवण्याचे प्रकार चालतात ते जिवावर बेतणारे आहेत.

वाफ जिरेपर्यंत कुकर उचलून लाकडी पाटावर ठेवा, शेगडी मोकळी झाली. एकाच शेगडीवर सगळं जेवण बसवायचं ते या दहा मिनिटांत. सपाट तळाची लोखंडी कढई इंडक्शनवर फार छान चालते. ८०० वॅटवर तेल, मोहरी, जिरं, हिंग, मिरची, चिरलेली कोबी, मीठ, झाकण. आठ मिनिटांत भाजी. किंवा पिठलं: चार चमचे बेसन आधी दीड वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, लसणाच्या फोडणीवर ओतून हलवत राहायचं. गरम पाण्यात बेसन टाकलं की गुठळ्या झाल्याच. मोहरी तडतडायच्या आत हळद घालू नका, आणि लोखंडी कढई १००० वॅटच्या वर नेऊ नका, तेल मधोमध जळतं. कुकर उघडला की डाळ घोटा, मीठ, गूळ, गोडा मसाला आणि चिंचेचा कोळ तेव्हा घाला. चिंच किंवा टोमॅटो आधी घातला तर डाळ लवकर शिजत नाही, आंबटाने दाणा घट्ट राहतो. कुकर लावल्यापासून ताटावर बसेपर्यंत चाळीस मिनिटं, त्यातली हातची पंधरा. वीज अर्ध्या युनिटच्या आत.

खिचडी थेट कुकरमध्ये लावली की खाली लागते, ही या कुकरबद्दलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. त्यात कुकरचा दोष थोडा आणि शेगडीचा जास्त. स्वस्त इंडक्शन ‘५०० वॅट’ दाखवते तेव्हा प्रत्यक्षात हजार-बाराशेवर काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद, असं करत राहते. चालू असते तेव्हा तळ करपतो. यावर चांगला इलाज म्हणजे खिचडीसुद्धा डब्यात लावणे: कढईत फोडणी करून डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतायचे, डब्यात काढायचे, साडेतीनपट पाणी, पहिल्या शिटीनंतर १२ मिनिटं. कुकर घासावाही लागत नाही, नुसता विसळला की झालं. गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, हे ज्याने अनुभवलंय त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

‘कुकर चांगला नाही, डाळच शिजत नाही’ असं वाघोली, बाणेर-बालेवाडीकडे राहणारे म्हणतात तेव्हा आधी नळाला काय येतंय ते बघावं. खडकवासला धरणातून येणारं पाणी मऊ. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड, आणि त्यातले क्षार डाळीचा दाणा घट्ट धरून ठेवतात. डाळीच्या डब्यात आरओचं पाणी घाला, तेवढ्याने फरक पडतो. तेही नसेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. जास्त झाला तर वरणाला साबणासारखी चव येते आणि जीवनसत्त्वही जातं. डाळ फार जुनी असेल तर मात्र कशानेच शिजत नाही, म्हणून एकट्याने एका वेळी अर्धा किलोच्या वर आणू नये. जड पाण्याने कुकर आतून पांढरा पडतो; तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकत जा.

देखभालीत जपायचं ते रबर, म्हणजे गॅस्केट. बाजूने वाफ जायला लागली आणि शिटी येईना, की ते कडक झालं समजा. रोज वापरात वर्षभर टिकतं. दर वेळी काढून धुवा, आणि झाकण कुकरवर उलटं ठेवा. बंद करून ठेवलं तर रबर दबून चपटं होतं आणि आत कुबट वास धरतो. नवं रबर त्याच कंपनीचं, त्याच मापाचं. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानांत मिळतं, जुनं सोबत न्या. शिटीची नळी दर वेळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. डाळीचं एक साल अडकलं तरी वाफ कोंडते.

शिळ्याबद्दल एक इशारा. उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये गेला तरच सकाळी फोडणीच्या भाताला घ्यावा. खोलीवर फ्रिज नसेल, तर रात्रीचा भात सकाळच्या डब्यात भरू नका, एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नाही; तापवला तरी त्यात जंतूंनी तयार केलेलं विष जात नाही. त्या दोन महिन्यांत तांदूळ पाऊणऐवजी अर्धी वाटीच लावा आणि पोटाची उरलेली जागा पिठलं आणि कोपऱ्यावरून आणलेल्या दोन भाकऱ्यांनी भरा.